ठाण्या-पनवेलहून लांब पल्ल्याची गाडी पकडताना खाण्यापिण्याची सोय कशी लावायची

सीएसएमटी किंवा एलटीटीहून (लोकमान्य टिळक टर्मिनस) निघणारा प्रवासी गाडी लागली की सामान लावतो, खाली उतरून पाण्याच्या बाटल्या घेतो आणि मग निवांत बसतो. ठाण्याला ती चैन नाही. बहुतेक मेल-एक्स्प्रेस इथे दोन-तीन मिनिटं थांबतात. तेवढ्यात डबा शोधायचा, म्हाताऱ्या माणसांना चढवायचं, बॅगा आत ढकलायच्या. पनवेलला थांबा जरा बरा असतो, पण सणासुदीला कोकणच्या गाडीत शिरतानाच तो संपतो. म्हणून ठाणेकर आणि नवी मुंबईकरांनी जेवणाचं काय ते तिकीट काढतानाच ठरवावं. भूक लागल्यावर शोधायला निघालं की समोर येईल ते आणि सांगतील त्या भावानं घ्यावं लागतं.

पहिल्यांदाच लांबचा प्रवास करणाऱ्यांसाठी, किंवा आई-वडिलांना एकटं पाठवणाऱ्यांसाठी, हा क्रम.

जवळ काय हवं

- तिकीट आणि त्यावरचा दहा आकडी पीएनआर. हा नंबर कागदावरही लिहून ठेवा.
- तिकिटावर ज्याचा नंबर दिला आहे तो मोबाइल, चार्ज केलेला. एजंटाकडून तिकीट काढलं असेल तर त्यानं स्वतःचा नंबर टाकलेला नाही ना, हे आधी बघा.
- यूपीआय, आणि त्याच्या जोडीला १०, २० आणि ५० च्या सुट्या नोटा. घाटात आणि कोकणातल्या बोगद्यांत नेटवर्क जातं. नेमकं तेव्हाच पैसे द्यायची वेळ येते.
- माणशी निदान एक लिटर पाणी.
- चमचा, कागदी साबण, जुनी वर्तमानपत्रं, कचऱ्यासाठी एक पिशवी.
- तुमच्या गाडीच्या थांब्यांची वेळांसह यादी.

१. गाडी कोणत्या प्रकारची आहे ते बघा

खाण्याच्या दृष्टीनं गाड्या तीन प्रकारच्या असतात.

पहिल्या प्रकारात जेवणाचे पैसे तिकिटातच भरता येतात. राजधानी, शताब्दी, दुरांतो, तेजस आणि वंदे भारत या त्या गाड्या. ठाण्याला थांबणाऱ्या शिर्डी आणि मडगावच्या वंदे भारत, तसंच पनवेलला थांबणारी निजामुद्दीन–तिरुवनंतपुरम राजधानी यातच येतात. जनशताब्दी यात येत नाही. नावात शताब्दी आहे म्हणून नाश्ता मिळेल असं समजून रिकाम्या पोटी चढणारे दर सुट्टीत दिसतात. जनशताब्दीत खाणं विकत घ्यावं लागतं.

दुसरा प्रकार पँट्री कार, म्हणजे खाण्यापिण्याचा वेगळा डबा, असलेल्या मेल-एक्स्प्रेसचा. कोकणात जाणारी मांडवी, केरळला जाणारी नेत्रावती, उत्तरेकडच्या लांबच्या गाड्या. जेवण मिळतं, पैसे तिथल्या तिथे द्यायचे.

तिसऱ्या प्रकारात पँट्री नसते. काही गाड्यांत अधिकृत विक्रेते ठरावीक स्टेशनांवर माल चढवून डब्यांतून फिरतात, काहींत तेही नसतं. विशेष गाड्या, म्हणजे गणपती, होळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सोडलेल्या जादा गाड्या, बऱ्याचदा याच प्रकारच्या असतात. ‘स्पेशल’ म्हणजे सोय जास्त असं कोणी समजू नये.

गाडीला पँट्री आहे का, हे ओळखायचं कसं? डब्यांच्या क्रमात ‘पीसी’ असं दिसलं की पँट्री आहे. ती बहुधा गाडीच्या मध्यावर असते. १३९ वर फोन करूनही विचारता येतं.

२. तिकीट काढताना जेवणाचा पर्याय नीट निवडा

हे फक्त पहिल्या प्रकारच्या गाड्यांसाठी आहे. आरक्षण करताना प्रत्येक प्रवाशाच्या नावापुढे शाकाहारी, मांसाहारी किंवा जेवण नको, असे पर्याय येतात. घाईत, विशेषतः तत्काळच्या वेळी, सगळ्यांना एकच पर्याय लागून जातो आणि मग शाकाहारी आजीच्या हातात चिकनचा डबा येतो. पैसे भरायच्या आधीच्या पानावर प्रत्येक नावापुढचा पर्याय पुन्हा वाचा.

‘जेवण नको’ निवडलं की तिकीट स्वस्त होतं. तासा-दोन तासांच्या प्रवासाला, किंवा घरचा डबा न्यायचाच असेल तर, हे चांगलं. पण नंतर गाडीत मन बदललं तर नाश्ता किंवा जेवणाच्या दरावर ५० रुपये जास्त पडतात आणि तेही शिल्लक असेल तरच मिळतं. चहा, कॉफी आणि पाण्याला हे जादा पैसे नाहीत. २०२२ पासून ते आधी मागवणाऱ्याला आणि न मागवणाऱ्याला एकाच दरात आहेत.

वंदे भारतमध्ये आता एक लिटरऐवजी अर्धा लिटर पाण्याची बाटली देतात. आणखी अर्धा लिटर मागितली तर पैसे न घेता द्यायची असते. मागितल्याशिवाय मिळत नाही, म्हणून मागा.

३. वेळापत्रकावर जेवणं मांडा

सगळ्यात उपयोगाचं काम हे आहे, आणि लोक नेमकं हेच टाळतात. गाडीच्या थांब्यांची यादी घ्या आणि सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा, रात्रीचं जेवण या वेळांना गाडी कुठे असेल ते शेजारी लिहा. ई-केटरिंगनं, म्हणजे वाटेतल्या स्टेशनच्या हॉटेलातून जागेवर, मागवायचं असेल तर पाच मिनिटं किंवा त्याहून जास्त थांबा असलेलं स्टेशन निवडा.

कोकणाच्या मार्गावर पनवेलनंतर खेड, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी असे थांबे येतात. थांब्याच्या दृष्टीनं यात रत्नागिरीच भरवशाचं. मांडवीसारख्या सकाळच्या गाडीत मात्र बाहेरून काही मागवायची गरजच नाही. तिच्या पँट्रीचं नाव चांगलं आहे आणि गाडी दिवसा धावत असल्यानं काही ना काही सतत फिरत असतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं. दरडींच्या धोक्यामुळे वेगावर बंधन येतं, गाड्या जास्त वेळ घेतात. उन्हाळ्यात ज्या स्टेशनवर दुपारचं जेवण घेतलं त्याच स्टेशनवर जुलैत गाडी तीन वाजता पोचू शकते. जुनी यादी वापरू नका.

नाशिककडे जाताना कसारा घाट लागतो, पुण्याकडे जाताना बोर घाट. दोन्हींचा चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. एवढ्या चढाला बऱ्याच गाड्यांना मागून जोडइंजिनं लागतात. ती कसाऱ्याला किंवा कर्जतला लावायची, वर पोचल्यावर काढायची. या कामापुरती गाडी थांबते, आणि कर्जतचा वडापाव प्रसिद्ध झाला तो याच थांब्यामुळे. वडा खिडकीतून घ्या. एसी डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत, तेव्हा दारात उभं राहून घ्या. खाली उतरून स्टॉलपर्यंत जाऊ नका. इंजिन लागलं की गाडी सुटते, ती तुमच्या सुट्या पैशांची वाट बघत नाही. आणि मागे राहिलेल्या माणसासाठी साखळी ओढली तर रेल्वे कायद्याच्या कलम १४१ प्रमाणे ते योग्य कारण धरलं जात नाही. दंड होतो, कैदही होऊ शकते.

भुसावळच्या दिशेनं रात्रीच्या गाडीत असाल तर रात्रीचं जेवण भुसावळवर टाकू नका. संध्याकाळी ठाण्याहून सुटलेली गाडी तिथे पोचेपर्यंत डब्यातले दिवे बंद झालेले असतात. नाशिक रोड किंवा मनमाडला मागवा, नाहीतर डबा न्या.

४. घरून काय न्यायचं

पहिलं जेवण घरचं असावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. ठाण्याहून चढल्यावर पँट्रीवाला तुमच्यापर्यंत कधी येईल हे सांगता येत नाही. सीएसएमटी आणि दादरला बसलेल्यांच्या ऑर्डरी तोपर्यंत घेऊन झालेल्या असतात.

टिकणारं न्या. दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, मेथीचे ठेपले, तिखटमिठाच्या पुऱ्या हे नीट निवून मग बांधले तर दुसऱ्या दिवशीही चालतात. गरम असताना डबा बंद केला की आत पाणी सुटतं आणि तिथूनच बुरशी धरते. सोबत शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी, लोणचं, दाण्याचे लाडू, चिवडा. बटाट्याची सुकी भाजी न्यायची तर नारळ न घालता, आणि ती पहिल्याच जेवणात संपवा.

भात, पुलाव आणि दहीभात नेऊ नका, निदान मार्च ते ऑक्टोबर तरी नाहीच. शिजलेला भात चार-पाच तास कोमट राहिला की त्यात असे जंतू वाढतात, ज्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. वास येत नाही, चव बदलत नाही, आणि रात्री उलट्या सुरू होतात. पनीर, मेयोनीज लावलेलं सँडविच आणि उकडून सोललेली अंडी यांनाही उन्हाळ्यात हाच धोका.

इलेक्ट्रिक किटली न्यायची नाही. सीटजवळचं सॉकेट मोबाइल-लॅपटॉपपुरतं आहे. त्यावर किटली किंवा हीटिंग रॉड लावणं मना आहे. तारा तापून आग लागू शकते म्हणून कारवाई होते. गरम पाणी हवं असेल तर थर्मास घ्या आणि पँट्रीतून भरून आणा. दारूही डब्यात चालत नाही, मग ती कोणाच्या बॅगेत का असेना.

५. फलाटावर

ठाण्याला मेल-एक्स्प्रेस बहुधा ५, ६ किंवा ७ नंबरच्या फलाटावर येतात. ५-६ चा फलाट २०२४ मध्ये ६३ तासांचा ब्लॉक घेऊन रुंद केला, तरी संध्याकाळी लोकलची गर्दी तिथेच असते. पाणी आणि बिस्किटं घ्यायची तर गाडी यायच्या वीस मिनिटं आधी घ्या. गाडीची घोषणा झाल्यावर स्टॉलकडे वळू नका.

पाणी ‘रेल नीर’ मागा. एक लिटर १४ रुपये, अर्धा लिटर ९ रुपये, हा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून आहे. आधी १५ आणि १० होता. आपल्याकडचं रेल नीर अंबरनाथच्या प्रकल्पातही भरलं जातं, त्यामुळे या भागात ते मिळायला हवं. नसेल तर रेल्वेनं मंजूर केलेल्या दुसऱ्या कंपनीचं पाणीही याच दरात द्यायचं असतं. ‘थंड आहे म्हणून वीस’ असं काही नसतं. बाटलीचं झाकण आणि त्यावरची सीलची पट्टी हातानं फिरवून बघा. रुळाजवळच्या नळावर पुन्हा भरलेल्या बाटलीचं सील ढिलं असतं.

जनरल डब्यानं जाणाऱ्यांसाठी बऱ्याच स्टेशनांवर जनरल डबे थांबतात त्या जागी स्वस्त जेवणाचे काउंटर लावलेले असतात. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लोणचं २० रुपयांत मिळतं. पोट भरतं. पुऱ्या मोजून घ्या, सात असायला हव्यात.

६. पँट्रीकडून मागवताना

हा भाग सावकाश वाचा. सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात.

पँट्रीत सगळं शिजतं असा समज आहे. २०१७ च्या केटरिंग धोरणानं शिजवणं आणि वाटणं वेगळं केलं. बरंचसं जेवण वाटेतल्या मोठ्या स्वयंपाकघरांतून पॅक होऊन चढतं आणि पँट्रीत गरम राखून वाटलं जातं. म्हणून ऑर्डर आधी घेतात. दुपारच्या जेवणाची साधारण दहा-अकराला, रात्रीची पाच-सहाला. त्या वेळी झोपलेले असाल तर शेजाऱ्याला सांगून ठेवा. नंतर पँट्रीत जाऊन मागता येतं, पण तेव्हा उरलेलं मिळतं.

मेल-एक्स्प्रेसमधले रेल्वेनं ठरवलेले दर असे आहेत. कर त्यातच धरलेला आहे.

- टी-बॅगचा चहा किंवा कॉफी: १० रुपये, कपात १५० मिली
- शाकाहारी नाश्ता: ४० रुपये
- मांसाहारी नाश्ता: ५० रुपये
- शाकाहारी स्टँडर्ड जेवण: ८० रुपये
- अंडाकरी जेवण: ९० रुपये
- चिकनकरी जेवण: १३० रुपये
- बिर्याणी: व्हेज ८०, अंडा ९०, चिकन ११० रुपये

स्टेशनवरच्या अधिकृत स्टॉलला तेच शाकाहारी जेवण ७० रुपयांना आहे.

८० रुपयांत काय यायला हवं तेही ठरलेलं आहे: साधा भात १५० ग्रॅम, दोन पराठे किंवा चार पोळ्या मिळून १०० ग्रॅम, घट्ट वरण किंवा सांबार १५० ग्रॅम, भाजी १०० ग्रॅम, दही ८० ग्रॅम आणि लोणच्याची १२ ग्रॅमची पुडी. बहुतेक वेळा यातलं दही गायब असतं. ‘दही संपलं’ म्हणाले तर बिलाच्या मागे तसं लिहून मागा. अनेकदा तेवढ्यानं दही येतं.

आता नेहमीचे सापळे.

ऑर्डर घेणारा ‘थाळी’ म्हणतो. तुम्ही हो म्हणता. जेवण येतं आणि तो १५० किंवा त्याहून जास्त मागतो. त्यानं स्टँडर्ड जेवणात पनीरची भाजी किंवा गुलाबजाम घालून ते वेगळ्या यादीतला पदार्थ म्हणून दिलेलं असतं. अशी वेगळी यादी असू शकते, त्यामुळे नंतर भांडून फारसं हाती लागत नाही. मागतानाच ‘स्टँडर्ड व्हेज मील, ऐंशीवालं’ असं स्वच्छ म्हणा आणि एकूण किती होतील ते त्याच्या तोंडून ऐका. ‘ते संपलं, फक्त स्पेशल आहे’ असं उत्तर आलं तर पँट्रीच्या मॅनेजरला भेटा. बऱ्याचदा तिथे ते असतं.

दुसरा सापळा पैशांचा. वाटून झाल्यावर तासाभरानं एकच माणूस सगळ्यांकडून रक्कम गोळा करत येतो. तोपर्यंत डबे कचऱ्यात गेलेले असतात, काय आलं होतं ते दाखवता येत नाही. जेवण हातात येताच बिल मागा आणि त्याच वेळी पैसे द्या. विक्रेत्याकडे बिलाचं यंत्र असायला हवं. बिल नाही तर पैसे नाहीत, हे रेल्वेचंच जाहीर धोरण आहे. भांडणाच्या सुरात सांगायची गरज नाही, ‘बिल द्या, लगेच पैसे देतो’ एवढं पुरतं. यूपीआयनं देताना समोर आलेलं नाव वाचा. एखाद्या व्यक्तीच्या खासगी खात्याचा क्यूआर दाखवला तर यंत्रावरचा मागा.

तिसरा सापळा म्हणजे डब्यात फिरणारा प्रत्येक माणूस पँट्रीचा नसतो. अधिकृत विक्रेत्याच्या गळ्यात ओळखपत्र आणि अंगावर गणवेश असतो. विनापरवाना विक्री हा कलम १४४ चा गुन्हा आहे. पण आपल्या दृष्टीनं खरी अडचण ही की त्याच्याकडचं खाऊन त्रास झाला तर तक्रार कोणाविरुद्ध करायची तेच उरत नाही. उघड्या टोपलीतली भेळ आणि कापलेली काकडी तर घेऊच नका.

डबा उघडण्याआधी त्यावर हात ठेवा. गरम लागला पाहिजे. कोमट असेल तर परत करा. पाकिटावर क्यूआर असेल तर स्कॅन करून कोणत्या स्वयंपाकघरातून आणि केव्हा पॅक झालं ते बघा. बिस्किटं, वेफर, शीतपेयं छापील किमतीलाच, एक रुपयाही जास्त नाही.

७. बाहेरून जागेवर मागवायचं असेल तर

आयआरसीटीसीची ई-केटरिंग सेवा चांगली चालते, पण तिला शिस्त लागते. तिचं ॲप ‘फूड ऑन ट्रॅक’, फोन १३२३, व्हॉट्सॲप ८७५०००१३२३. गूगलवर शोधून मिळालेल्या कुठल्याही साइटवर पैसे भरू नका. रेल्वेसारखं नाव आणि चिन्ह लावून बसलेल्या अनधिकृत साइट पुष्कळ आहेत.

ॲपमध्ये पीएनआर टाकला की वाटेतली ज्या स्टेशनांवर सेवा आहे ती स्टेशनं दिसतात. स्टेशन निवडा, हॉटेल निवडा, पदार्थ निवडा. पैसे आधी भरा किंवा डबा मिळाल्यावर द्या. पहिल्यांदा मागवत असाल तर मिळाल्यावर देण्याचा पर्याय बरा. ऑर्डर निदान दोन तास आधी द्या. शेवटच्या क्षणी हॉटेल ती घेतच नाही.

ठाणे स्टेशन या कामासाठी निवडू नका. तुम्ही जागेवर बसायच्या आतच डिलिव्हरीवाल्यानं तुम्हाला शोधायचं, हे जमत नाही. पनवेलला चढणाऱ्यांनीही पनवेल सोडून पुढचं स्टेशन घ्यावं.

चुकतं ते बहुतेक बर्थमुळे. एका बर्थवर ऑर्डर दिली आणि कुटुंबासोबत बसायला दुसऱ्या डब्यात गेलात, की डिलिव्हरीवाला रिकाम्या जागेवर उभा. आरएसी (अर्ध्या बर्थचं) किंवा वेटिंगचं तिकीट चार्ट बनल्यावर पक्कं झालं असेल तर नवा डबा आणि बर्थ ऑर्डरमध्ये बरोबर दिसतोय का ते बघा. स्टेशन यायच्या पंधरा मिनिटं आधी फोन हातात घ्या. अनोळखी नंबर उचला, त्याचाच असतो. मोठ्या गाडीत शक्य असेल तर दारापाशी जा, त्या मुलाला पाच मिनिटांत तीन-चार डब्यांना पोचायचं असतं. काही गाड्यांत रात्री अकरानंतर चार्जिंगचे सॉकेट बंद करतात, तेव्हा रात्रीच्या ऑर्डरीसाठी फोन आधीच चार्ज करून ठेवा.

गाडी उशिरा असली तर वेळ आपोआप पुढे सरकते. पण जेवायला पाच तास उशीर होणार असेल तर मुदतीत रद्द करून जवळचं स्टेशन निवडा. रविवारच्या ब्लॉकमुळे गाडी दुसऱ्या मार्गानं वळवली तर ते स्टेशन येणारच नाही. तेव्हा लगेच १३२३ ला फोन करून पैसे परत मागा.

८. लहान मुलं, मधुमेह, उपवास

बाळाच्या दुधासाठी पँट्रीतून गरम पाणी मिळतं, थर्मास घेऊन स्वतः जा. दुधाची पावडर मात्र घरूनच न्या.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण प्रत्यक्ष हातात आल्यावरच इंजेक्शन घ्यावं. ‘दहा मिनिटांत येतं’ यावर विसंबू नये, मध्ये समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला एखादा क्रॉसिंगचा थांबा लागला की तासभर जातो. राजगिऱ्याची वडी, भाजलेले चणे आणि साखरेची पुडी खिशात ठेवा, बॅगेत नको. ती वरच्या बर्थवर अडकते.

एकादशी-चतुर्थीला पँट्रीच्या भरवशावर राहू नका. नवरात्रात ई-केटरिंगवर उपवासाच्या थाळ्या मिळतात. जैन जेवणही काही हॉटेलांत मिळतं, ऑर्डर देताना कांदा-लसूण नको हे लिहा.

९. तक्रार करायची वेळ आली तर

आधी पुरावा. बिलाचा फोटो, जेवणाचा फोटो, विक्रेत्याच्या ओळखपत्रावरचा नंबर, यूपीआयची पावती. मग पँट्री मॅनेजरला सांगा आणि तक्रारवही मागा. जास्त घेतलेले पैसे बऱ्याचदा इथेच परत मिळतात.

नाही मिळाले तर गाडीत असतानाच ‘रेल मदद’ ॲपवर किंवा १३९ वर तक्रार करा. घरी पोचल्यावर केलेली तक्रार कमकुवत होते, कारण तोवर पँट्रीचे कर्मचारी बदललेले असतात. ॲपमध्ये गाडीचा पर्याय घ्या, पीएनआर टाका, प्रकारात केटरिंग निवडा. मजकूर छोटा ठेवा: डबा, बर्थ, वेळ, पदार्थ, ठरलेला दर, घेतलेला दर. ‘एस-४, बर्थ २३, दुपारी १.१०, स्टँडर्ड व्हेज मील, दर ८०, घेतले १२०, बिल दिलं नाही’ असं लिहिलं की कोणालाही टाळता येत नाही. रागाची चार वाक्यं घातली की मुद्दा हरवतो. तक्रार क्रमांक जपा.

त्यानंतर कोणीतरी जागेवर येतं किंवा फोन येतो आणि ‘मिटलं ना?’ असं विचारतात. पैसे हातात आल्याशिवाय हो म्हणू नका. हो म्हटलं की तक्रार बंद होते.

खाऊन उलट्या-जुलाब झाले तर १३९ वर तक्रारीचा नव्हे, वैद्यकीय मदतीचा पर्याय घ्या आणि टीसीला सांगा. पुढच्या मोठ्या स्टेशनवर डॉक्टर येतो, त्याचं शुल्क लागू शकतं. उरलेलं जेवण पाकिटासकट बांधून ठेवा, टाकू नका. ओआरएसच्या दोन पुड्या सामानात असाव्यात.

१०. परतताना

येताना गणित उलटं होतं. उत्तरेकडून येणाऱ्या गाडीत इगतपुरीनंतर आणि कोकणातून येताना पनवेलच्या आधीच पँट्रीचे लोक हिशेब आवरायला लागतात, त्यामुळे शेवटचा चहा आणि पाणी त्याआधी घ्या. राजधानी किंवा वंदे भारतमध्ये याच सुमारास ट्रे घेऊन बक्षिसीसाठी येतात. ती द्यायलाच हवी असं नाही. सेवा आवडली असेल तर द्या, नाहीतर सरळ नको म्हणा. त्यावरून कोणी अडवून धरलं तर त्याचीही तक्रार १३९ वर होते. दिवा किंवा कल्याण गेलं की ठाणं फार लांब राहत नाही. उरलेलं खाणं, बाटल्या, कचऱ्याची पिशवी त्याआधीच बांधा आणि सामान दाराशी आणा, कारण उतरायलाही तीच दोन-तीन मिनिटं आहेत.